वीरपत्नीच्या आठवणी कशा लिहून घ्याव्यात आणि वैमानिक पतीचा ठेवा कसा जपावा

१९६५ आणि १९७१ च्या युद्धांत कामी आलेल्या वैमानिकांच्या पत्नी त्या वेळी बहुधा विशी-पंचविशीत होत्या. आज ज्या हयात आहेत त्यांनी पंचाहत्तरी गाठली किंवा ओलांडली आहे. जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यातील ज्या घरात अशी आजी, काकू किंवा आत्या आहे, त्या घराने तिच्या आठवणी लिहून घेण्याचे काम पुढच्या दिवाळीच्या सुट्टीवर ढकलू नये, यासाठी ही मार्गदर्शिका लिहिली आहे.

पतीने कोणत्या दिवशी, कोणत्या तळावरून, कोणते विमान घेऊन उड्डाण केले याची नोंद वायुसेनेकडे असते आणि चिकाटी धरली तर ती आज ना उद्या हाती लागू शकते. त्यानंतरची पन्नास वर्षे त्या बाईने कशी काढली, सासरच्या शेतातला वाटा कसा टिकवला, मुलांना कुठे शिकवले, दुसऱ्या लग्नाचा विषय निघाला तेव्हा ती काय म्हणाली, याची नोंद मात्र कोणत्याही कार्यालयात नाही. म्हणून कामाचा क्रम असा लावावा की आधी तिचे सांगणे ऐकावे, मग ट्रंकेतल्या वस्तू पाहाव्यात आणि सरकारी कागदांशी ताळा सर्वांत शेवटी घालावा. बहुतेक कुटुंबांत हे उलट्या क्रमाने होते; पदकाचा फोटो काढला जातो, फलकासाठी मजकूर जुळवला जातो आणि जिने हे सारे सांभाळले तिची शाल-श्रीफळ देऊन बोळवण केली जाते.

बसण्यापूर्वीची तयारी

पहिली परवानगी तिची घ्यावी, मुलाची किंवा पुतण्याची नव्हे. काय विचारणार, ध्वनिमुद्रण कोण ऐकणार, लिहिलेले कोणाला दाखवणार हे तिला सरळ सांगावे आणि मधेच नको वाटले तर थांबता येईल हेही सांगावे. कुटुंबात मालमत्तेचा वाद असेल तर तो आधी समजून घ्यावा, कारण पेन्शन, पदकासोबत मिळालेली जमीन किंवा शासनाने दिलेली मदत यांचा उल्लेख निघाला की शेजारच्या खोलीतल्या माणसांचे कान टवकारतात आणि सांगणारी बाई गप्प होते.

दिवस निवडताना २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि १६ डिसेंबर (विजय दिवस) टाळावेत. त्या दिवशी शाळेत, पंचायतीत आणि तहसील कार्यालयात तिला बोलावणे असते. ती समारंभाची भाषा बोलून आलेली असते आणि घरीही तेच शब्द निघतात. एप्रिल-मे महिन्यांत भुसावळ-जळगावकडचा उन्हाळा वृद्ध माणसाला दुपारी बोलू देत नाही, म्हणून सकाळचा चहा झाल्यावर बसावे आणि तासाभरात उठावे. पंखा बंद ठेवणे शक्य नसेल तर फोन पंख्याच्या वाऱ्याच्या रेषेबाहेर, उशीवर किंवा घडी केलेल्या गोधडीवर, तिच्या तोंडापासून हातभर अंतरावर ठेवावा. मुद्रणापूर्वी फोन एअरप्लेन मोडवर टाकावा. नंतर ती फाइल व्हॉट्सॲपवर पाठवून तिच्यावर विसंबू नये, कारण तिथे आवाजाचा दर्जा घटू शकतो. मूळ फाइल केबलने संगणकावर आणि एका पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावी.

भाषेचा प्रश्न महत्त्वाचा आहे. आजीची घरातली बोली अहिराणी असेल, किंवा यावल-रावेर भागातली लेवा बोली असेल, तर प्रश्नही त्याच बोलीत विचारावेत, आणि स्वतःला ती येत नसेल तर घरातल्या सुनेला किंवा तिच्या वयाच्या शेजारणीला सोबत बसवावे. प्रमाण मराठीत विचारले की उत्तर प्रमाण मराठीत देण्याची तिची धडपड सुरू होते आणि त्या धडपडीत सांगायचे राहून जाते. लिहून काढतानाही ‘चिठ्ठी उनी, पन त्या उनात नहीत’ (चिठ्ठी आली, पण ते आले नाहीत) असे वाक्य आले तर ते तसेच ठेवावे. बाहेरच्या वाचकासाठी अर्थ शेजारी देता येतो, मूळ वाक्य पुसून टाकण्याची गरज नसते.

काय विचारावे, आणि कोणत्या क्रमाने

बातमी आली त्या दिवसापासून सुरुवात करू नये. तो प्रसंग तिने इतक्या जणांना सांगितलेला असतो की त्याला ठरावीक घाट आलेला असतो. आरंभ माहेरापासून करावा; गाव कोणते, घर मातीचे की माडीचे, भावंडे किती, शाळा कुठवर झाली. मग लग्न कसे जमले हे विचारावे. त्या काळी शेतकरी घरातला मुलगा विमान चालवतो हे ऐकून मुलीकडच्यांना आनंद झाला की धास्ती वाटली, हा प्रश्न विचारला की बहुतेक आजी मोकळ्या होतात, कारण तो त्यांना आजवर कोणी विचारलेला नसतो.

यानंतर एकत्र राहिलेल्या काळाकडे वळावे. तो काळ अनेकदा फार थोडा असतो. म्हणूनच त्याचा तपशील भरपूर घ्यावा. तळावरच्या घरी जाताना कोणती गाडी पकडली? खान्देशातून उत्तरेकडे जाणारी माणसे पंजाब मेलने दिल्लीकडे निघत, धुळ्याची माणसे आधी चाळीसगावला येऊन गाडी बदलत. त्या प्रवासात बरोबर काय बांधून घेतले, अंबाला किंवा आदमपूरच्या थंडीत पहिला हिवाळा कसा गेला, हिंदी येत होते का, मेसमधल्या पार्टीला जायची वेळ आली तेव्हा नऊवारी-सहावारीचा प्रश्न कसा सोडवला, भरताची वांगी आणि कळण्याचे पीठ तिकडे मिळत होते का, असे प्रश्न क्षुल्लक वाटतात. पण याच उत्तरांतून नवरा-बायकोचे एकमेकांशी वागणे उलगडते. तो घरी विमानाबद्दल बोलत असे की नाही, हे अवश्य विचारावे. पुष्कळ वैमानिक बोलत नसत आणि तिला त्याच्या कामाची पहिली खरी माहिती त्याच्या मृत्यूनंतर भेटायला आलेल्या सोबत्यांकडून मिळालेली असते.

बातमीच्या दिवसाविषयी विचारताना प्रश्न वस्तूंवर आणि माणसांवर ठेवावेत. तार इंग्रजीत असे. ती कोणी वाचून दाखवली? पोस्टमनने ती कोणाच्या हातात दिली? तिच्या हातात ती किती वेळाने आली? त्या दिवशी घरात कोणते काम चालू होते? ‘तेव्हा तुम्हाला काय वाटले’ हा प्रश्न मात्र विचारू नये. त्याला उत्तर नसते, आणि विचारणाऱ्याला रडू हवे आहे असे तिला वाटते, जे बरेचदा खरेही असते.

१९७१ मध्ये पाकिस्तानी हवाई हल्ले ३ डिसेंबरच्या संध्याकाळी सुरू झाले आणि पश्चिम आघाडीवरची युद्धबंदी १७ डिसेंबरला झाली. या पंधरवड्यात घरातील लोक रेडिओवरच्या बातम्या कशा ऐकत होते, रेडिओ कोणाच्या घरी होता, शेवटचे पत्र कोणत्या तारखेचे होते आणि ते बातमीच्या आधी पोचले की नंतर, हे जुळवून घेतले तर तिच्या आठवणीतला काळ नीट मांडता येतो. तार आल्यानंतर त्याचे पत्र हाती पडले, असे अनेक घरांत घडले आहे. कारण टपाल तारेपेक्षा मागे असे. तिच्या घरात तसे घडले असेल तर त्या पत्राविषयी तिला आपणहून बोलू द्यावे.

निष्ठा लिहायची कशी

या लेखनातला सर्वांत अवघड भाग हाच आहे. एखादी बाई पन्नास वर्षे पतीच्या आठवणीवर राहिली हे वाक्य लिहायला सोपे असते, आणि म्हणूनच ते लिहू नये. त्याऐवजी ती प्रत्यक्ष काय करते ते लिहावे. फोटोवरचा हार ती कधी बदलते, काच कोणत्या दिवशी पुसते, त्याच्या जन्मतारखेला काय रांधते, कोणती गोष्ट तिने तेव्हापासून सोडली आणि कोणती मुद्दाम चालू ठेवली, ही निष्ठेची खरी माहिती आहे. दरवर्षी पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत जाणे, त्याच्या नावापुढचा हुद्दा चुकीचा छापला म्हणून कार्यालयाच्या खेपा घालणे, शाळेने त्याचे नाव दिलेल्या बक्षिसाची रक्कम स्वतःच्या पेन्शनमधून भरणे, हीही त्याच निष्ठेची कामे आहेत, आणि माझ्या मते व्रतांपेक्षा त्यांना जास्त जागा मिळायला हवी.

खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांसाठी घागर भरतात. लेकीबाळी माहेरी येऊन झोके घेत असतात, गौराईची गाणी म्हणत असतात आणि त्याच दिवशी घरात पाण्याने भरलेली मातीची घागर पुजून गेलेल्या माणसांना नैवेद्य दाखवला जातो. विशी-बाविशीतल्या मुलीने पहिल्या आखाजीला स्वतःच्या नवऱ्याची घागर भरलेली पाहिली तेव्हा ती माहेरी होती की सासरी, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. श्रावणात कानबाई देवीच्या नैवेद्याचे रोट होतात तेव्हा तिला पूजेच्या कामात पुढे घेत असत की स्वयंपाकघरात ठेवत असत, हेही विचारावे. बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे हे तिच्या बाबतीत कोणी केले, कोणी अडवले, हे ती सांगू इच्छित असेल तर शब्दशः उतरवून घ्यावे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने परिपत्रक काढून तो इतर ग्रामपंचायतींपुढे ठेवला, तेव्हा तिला काय वाटले, यावर आजी बहुधा सडेतोड बोलतील.

दुसऱ्या लग्नाचा विषय टाळू नये, पण तिच्या निष्ठेची परीक्षा घेतल्यासारखाही विचारू नये. त्या काळात धाकट्या दिराशी लग्न लावून देण्याचा प्रस्ताव अनेक घरांत पुढे येत असे आणि त्यामागे मायेइतकाच शेताचा आणि पेन्शनचा हिशोब असे. सरकारी नियमही याच वळणाचे होते. विधवेने पतीच्या भावाखेरीज अन्य कोणाशी लग्न केले तर शौर्यपदकासोबतचा मासिक भत्ता बंद होईल, ही अट संरक्षण मंत्रालयाने थेट २०१७ मध्ये काढून टाकली. तेव्हा एखादी स्त्री एकटी राहिली याची कारणे प्रेम, मुले, सासरची माणसे, समाज आणि पैसा अशी अनेक असू शकतात. ती स्वतः जे कारण सांगेल ते लिहावे आणि आपले कारण त्यात मिसळू नये. पुनर्विवाह केलेल्या आणि तरीही पहिल्या नवऱ्याची पत्रे जपून ठेवलेल्या स्त्रियाही असतात; त्यांच्या आठवणी घ्यायला कुटुंबे कचरतात, ते योग्य नाही.

बेपत्ता वैमानिकांच्या पत्नींची गोष्ट वेगळी आहे. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे ५ डिसेंबर १९७१ रोजी सुखोई-७ विमानातून मोहिमेवर गेले आणि परतले नाहीत. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या आणि अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला दोन वर्षेही झालेली नव्हती. पाकिस्तानातील एका वृत्तपत्रात पकडलेल्या वैमानिकांची जी नावे छापून आली त्यांत ‘टॉम्बे’ असे एक नाव होते, आणि त्या आधारावर त्यांनी पुढची सारी वर्षे पतीचा शोध घेतला. बेपत्ता जवानांच्या कुटुंबीयांना १९८३ आणि २००७ मध्ये पाकिस्तानातील तुरुंग पाहण्यासाठी जाता आले. हाती काही लागले नाही. सात वर्षे ठावठिकाणा लागला नाही तर माणूस मृत मानता येतो असे जुन्या भारतीय पुरावा कायद्याचे १०८ वे कलम सांगत होते, पण कायद्याने मानले म्हणून पत्नीने मानावे असे नाही. आपल्या घरात अशी स्थिती असेल तर लिहिताना ‘कै.’ लावायचे की नाही, फोटोला हार घालायचा की नाही, घागर भरली जाते की नाही, हे तिचे निर्णय आहेत. मजकुरात ते तिच्याच पद्धतीने यावेत, आणि प्रश्न विचारतानाही ‘ते गेले तेव्हा’ असे बोलू नये.

ट्रंक उघडताना

तिच्या देखत, शक्यतो तिच्या हातून ट्रंक उघडावी. प्रत्येक वस्तू बाहेर काढण्यापूर्वी ट्रंकेचा वरून फोटो घ्यावा, कारण कोणती वस्तू कशावर, कशात गुंडाळून ठेवली होती हा क्रमही तिने लावलेला असतो. हात धुऊन कोरडे करावेत. तेल लावलेल्या, हळद लागलेल्या बोटांनी जुन्या फोटोला हात लावू नये.

आधी यादीचा कागद शोधावा. सेवेत असताना अधिकारी मरण पावला की त्याच्या खासगी वस्तूंची मोजदाद समितीमार्फत होते आणि ती यादी वस्तूंसोबत वारसाकडे येते. चामड्याची सुटकेस एक, लोकरी मोजे दोन जोड, कॅमेरा एक, अशी ती रूक्ष नोंद असते. हा कागद तिच्यापुढे ठेवून एकेका ओळीवर बोट ठेवत ती वस्तू आज कुठे आहे हे विचारले, तर दहा प्रश्नांनी निघाली नसती इतकी माहिती निघते. कॅमेरा कोणी नेला, घड्याळ कोणत्या दिराच्या हातावर गेले, मोजे तिने स्वतः वापरले का, हे सारे त्या ओळींच्या मागे असते.

तारेचा कागद सर्वांत नाजूक समजावा. टेलिप्रिंटरवर छापलेल्या कागदी पट्ट्या डिंकाने चिकटवलेल्या असतात आणि डिंक वाळला की त्या एकेक करून सुटतात. पट्ट्यांचा क्रम बदलला तर मजकूर बदलतो. म्हणून उलगडताक्षणी, सपाट ठेवून, दोन्ही बाजूंचा फोटो घ्यावा आणि सुटलेली पट्टी पुन्हा चिकटवण्याचा मोह आवरावा. ती पट्टी त्याच कागदात, स्वच्छ पांढऱ्या कागदाच्या घडीत ठेवावी. देशातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, त्यामुळे पुढच्या पिढीला हा कागद काय आहे हे सांगणारी दोन ओळींची टीप त्यासोबत लिहून ठेवावी.

पत्रांच्या बाबतीत पाकिटे फेकू नयेत. युद्धकाळात पत्ता ‘५६ ए.पी.ओ.’ किंवा ‘९९ ए.पी.ओ.’ (म्हणजे लष्करी टपाल कार्यालय) असा असे, ज्यातून ठिकाण कळत नाही. परंतु शिक्क्यावरची तारीख वाचता येते आणि पत्रात तारीख नसेल तर तोच एक आधार उरतो. पत्रे तारखेप्रमाणे लावण्यापूर्वी तिने कशी बांधली होती ते लिहून घ्यावे. घडीवर फाटलेल्या आंतरदेशीय पत्राला सेलोटेप लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. टेप काही वर्षांत पिवळी पडून डाग सोडते आणि लॅमिनेशन पुन्हा काढता येत नाही. फाउंटन पेनची शाई ओलाव्याने फुटते, तेव्हा पत्रे पुसण्यासाठी ओले फडके वापरू नये, मऊ ब्रश पुरतो. वर्तमानपत्राची कात्रणे पत्रांपासून वेगळी ठेवावीत, कारण त्या कागदातील आम्लामुळे शेजारचा कागदही पिवळा पडतो.

पत्र्याच्या ट्रंकेला गंज धरतो. तिच्या तळाला धुतलेले, खळ नसलेले मांजरपाट कापड अंथरावे, कागद जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून मग ट्रंकेत ठेवावेत आणि ट्रंक जमिनीवर न ठेवता लाकडी पाटावर, भिंतीपासून थोडी पुढे ठेवावी. खान्देशातल्या मातीच्या घरांत वाळवी भिंतीतूनच येते. डांबरगोळ्या कागदांना किंवा फोटोंना लागू देऊ नयेत. कडुनिंबाचा पाला घालायचाच असेल तर पूर्ण वाळवून कापडाच्या पुरचुंडीत घालावा, नाहीतर हिरवे डाग पडतात. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात, कोरड्या हवेत, सावलीत एकदा सारे उघडून पाहावे.

पदकांविषयी एकच सांगायचे आहे, पण ते निक्षून सांगायचे आहे. पितांबरी, चिंच, राख किंवा ब्रासो लावून पदक घासू नये. पदकाच्या कडेवर किंवा मागे त्याचा सेवा क्रमांक, हुद्दा आणि नाव बारीक अक्षरांत कोरलेले असते, आणि वर्षानुवर्षे दर समारंभापूर्वी चकाकवलेल्या पदकांची ही अक्षरे झिजून गेलेली असतात. कोरड्या मऊ कापडाने पुसावे, भिंगातून अक्षरे वाचून लिहून घ्यावीत आणि दिव्याखाली तिरका प्रकाश पाडून त्यांचा फोटो काढावा. वीर चक्राची फीत अर्धी गडद निळी आणि अर्धी भगवी असते. महावीर चक्राची अर्धी पांढरी आणि अर्धी भगवी. १९६५ च्या युद्धासाठी समर सेवा स्टार आणि रक्षा पदक, १९७१ साठी पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम पदक अशी सेवापदके होती. ती शौर्यपदके नाहीत, पण फलकावर सर्रास तशी लिहिली जातात.

गणवेश लोकरी असेल तर कसर लागली आहे का ते शिवणींत पाहावे. धुण्यापूर्वी तिला विचारावे. तिने तो इतकी वर्षे का धुतला नाही याचे कारण असू शकते. छातीवरचा बिल्ला पाहावा, दोन पंख असतील तर वैमानिक, एकच पंख असेल तर नॅव्हिगेटर किंवा अन्य वायुकर्मी. कॅनबेरा बॉम्बरमध्ये वैमानिकासोबत नॅव्हिगेटर असे, तर नॅट, मिस्तेर आणि सुखोई-७ ही लढाऊ विमाने एकट्याने उडवायची होती. त्यामुळे ‘सोबतचाही गेला’ अशी घरातली आठवण असेल तर विमान कोणते होते हे नव्याने तपासावे लागते. जुन्या फोटोतील विमान ओळखता येत नसेल तर नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात काम करून निवृत्त झालेले कोणी नात्यागोत्यात आहे का ते पाहावे. मिग-२१ तिथेच बनत असत आणि ती माणसे शेपटीवरून विमान ओळखतात.

उड्डाणांची नोंदवही, म्हणजे लॉगबुक, घरी आली असेल तर ती प्रत्येक पानानिशी स्कॅन करावी. दिवस, विमानाचा प्रकार आणि क्रमांक, उड्डाणाचे काम, दिवसाचे आणि रात्रीचे तास, असे रकाने त्यात असतात. शेवटच्या भरलेल्या ओळीनंतरची कोरी पानेही स्कॅन करावीत, आणि त्या वहीत तिने कधी काही लिहिले असेल, हिशोब, पत्ता, तारीख, तर ते वहीचा भाग म्हणूनच ठेवावे, खोडरबर चालवू नये.

फ्रेममधला फोटो काचेला चिकटला असेल तर सोलू नये. काचेसकट, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता त्याचा फोटो काढावा.

कागदांशी ताळा

तिच्या आठवणी आणि सरकारी नोंदी जुळल्या नाहीत तर एक खोटी ठरवण्याची घाई करू नये. दोन्ही लिहाव्यात. हुद्द्यांचा घोळ नेहमी होतो. गावात फौजेतल्या कोणालाही ‘कॅप्टन’ म्हणतात, प्रत्यक्षात वायुसेनेचे हुद्दे फ्लाइंग ऑफिसर, फ्लाइट लेफ्टनंट, स्क्वाड्रन लीडर असे असतात आणि फलकावर तेच हवेत. मृत्यू युद्धमोहिमेत झाला की सरावाच्या उड्डाणातील अपघातात, हे कागदावरून पक्के करावे; अपघातात गेलेल्या वैमानिकाच्या पत्नीने भोगलेले काही कमी नसते, पण नोंद खरी हवी.

शौर्यपदक असेल तर त्याचे मानपत्र भारताच्या राजपत्रात प्रसिद्ध झालेले असते आणि संरक्षण मंत्रालयाच्या शौर्यपुरस्कारांच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येते. दिल्लीतील राष्ट्रीय समर स्मारकाचे उद्घाटन २५ फेब्रुवारी २०१९ रोजी झाले. तिथल्या त्यागचक्राच्या भिंतींवर प्रत्येक नाव ग्रॅनाइटवर कोरलेले आहे. आपल्या माणसाचे नाव आहे का आणि बरोबर लिहिले आहे का ते पाहावे. तो राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा विद्यार्थी असेल तर खडकवासल्यालाही विचारणा करावी. जुन्या पेन्शन आदेशाचा क्रमांक, सेवा क्रमांक आणि लग्नाचा पुरावा एका फायलीत लावून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. वायुसेनेशी पत्रव्यवहार कोणत्या पत्त्यावर करायचा हे तिथे सांगतात. तिथूनही उत्तर आले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज हा रस्ता आहे. संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये युद्धविषयक कागदपत्रे साधारणपणे २५ वर्षांनी खुली करण्याचे धोरण जाहीर केले आहे, त्याचा उल्लेख अर्जात करावा.

ही खटपट कशासाठी, असे घरचे विचारतील. स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा देवय्या ७ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानातील सरगोधा हवाई तळावरच्या हल्ल्यात मिस्तेर विमानासह गेले आणि परत आले नाहीत. पडण्यापूर्वी त्यांनी शत्रूचे त्याहून कितीतरी वेगवान असलेले स्टारफायटर विमान पाडले होते, हे बऱ्याच वर्षांनी एका परदेशी लेखकाने पाकिस्तानी बाजूकडून मिळवलेल्या माहितीवरून उघड झाले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र १९८८ मध्ये, म्हणजे तेवीस वर्षांनी मिळाले आणि ते त्यांच्या पत्नीने स्वीकारले. आज निरुपयोगी वाटणारा कागद पुढे कोणत्या प्रश्नाचे उत्तर देईल हे सांगता येत नाही, म्हणून यादी करताना ‘इतर किरकोळ’ असा गठ्ठा बांधू नये.

मजकूर तयार झाल्यावर

लिहिलेला मसुदा तिला मोठ्याने वाचून दाखवावा, एका बैठकीत सगळा नको. ती जिथे ‘हे राहू दे’ म्हणेल तिथे खोडावे, आणि का म्हणून विचारू नये. नवऱ्याची खासगी पत्रे छापायची की फक्त घरात ठेवायची हे ती ठरवील. तिने छापू नका म्हटले तर तिच्या पश्चातही तोच शब्द चालावा, यासाठी तिची इच्छा तारीख घालून, तिच्या सहीने किंवा अंगठ्याने, दोन साक्षीदारांसह लिहून ठेवावी. बँकेचा, पेन्शनचा आणि आधारचा क्रमांक असलेली पाने छापील प्रतीत किंवा इंटरनेटवर कधीही टाकू नयेत. वीरपत्नींच्या नावाने फसवणूक करणारे फोन येतात ते असल्याच माहितीच्या जोरावर.

स्कॅन केलेल्या फायलींच्या किमान तीन प्रती हव्यात, आणि त्यांतील एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या नातेवाइकाकडे असावी. मूळ कागद ती असेपर्यंत तिच्याच घरी, तिच्या हाताला लागतील अशा ठिकाणी राहू द्यावेत; संग्रहालयाला देण्याची घाई करून तिची ट्रंक रिकामी करू नये. पुढे कुटुंबात ते सांभाळणारे कोणी नसेल तर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या, कागदपत्रे जपण्याची परंपरा असलेल्या संस्थेशी आधी बोलून घ्यावे. देताना वस्तूवार यादीची पोच घ्यावी, कोणती पत्रे किती वर्षे बंद ठेवायची ते त्याच पोचपावतीवर लिहून घ्यावे, आणि संग्रहाला नाव देताना त्याच्या नावासोबत तिचेही पूर्ण नाव घालण्यास सांगावे.